युद्धनौकांची मॉडेल्स आणि नागपूरची हवा : या चुका टाळा

आधुनिक युद्धनौकेच्या मॉडेल किटमधील सूचनापत्रिका लिहिणाऱ्याने जी हवा गृहीत धरलेली असते, ती नागपूरची नसते. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते, कूलर सुरू केला की त्याच खोलीत ती झपाट्याने चढते, आणि जुलै उजाडला की कपाटातील कागदसुद्धा दमट लागतो. गोंद, रंग आणि डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) या तिन्ही गोष्टी हवेच्या कलाने वागतात. त्यामुळे नवशिक्याला जे आपल्या हाताचे दोष वाटतात, त्यांतील बरेचसे प्रत्यक्षात हवामानाचे आणि कामाच्या चुकलेल्या क्रमाचे असतात, आणि म्हणूनच ते दुरुस्त करता येतात.

जहाज ठरवले, पण वर्ष ठरवले नाही

पहिली चूक कात्री हातात घेण्यापूर्वीच होते. युद्धनौका तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते आणि त्या काळात तिची शस्त्रे, रडार, अँटेना, कधीकधी डेकवरील रचनाही बदलत जाते. ‘आयएनएस दिल्ली’ १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली तेव्हा तिच्यावर उराण क्षेपणास्त्रांचे सोळा नळकांडी-प्रक्षेपक होते. २०२२ मध्ये याच जहाजावरून ब्रह्मोसची चाचणी झाली. दोन्ही काळांतील छायाचित्रे समोर ठेवून केलेले मॉडेल असे जहाज दाखवते, जे कधीच अस्तित्वात नव्हते. एकाच मालिकेतील किंवा सारख्या दिसणाऱ्या जहाजांबाबतही हीच गफलत होते. दिल्ली वर्ग १०० मिलिमीटरच्या तोफेसह दाखल झाला, तर कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्ग ७६ मिलिमीटरच्या. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गातील सुरुवातीच्या नौकांना हेलिकॉप्टरचे हँगरच नव्हते, ते ‘फ्लाइट टू-ए’ या नंतरच्या आवृत्तीपासून आले, तरीही खोक्यातील डेकलच्या कागदावर बरेच क्रमांक छापलेले असल्यामुळे मनाला येईल तो क्रमांक चिकटवला जातो. जहाज, वर्ष आणि शक्य झाल्यास महिना आधी कागदावर लिहावा आणि त्या कालखंडाबाहेरची छायाचित्रे, कितीही सुंदर असली तरी, बाजूला ठेवावीत.

प्रमाण निवडताना घरातील कपाटही मोजून घ्यावे. २६२ मीटर लांबीची ‘विक्रांत’ १/७०० प्रमाणात सुमारे ३७ सेंटीमीटर होते, पण १/३५० मध्ये ती ७५ सेंटीमीटर भरते, आणि पेटीसह तिला जागा देणे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सोपे नसते.

वाकडा हल आणि परत उमटणारा सांधा

१/३५० मधील विनाशिकेचा हल (जहाजाचे धड) सुमारे ४६ सेंटीमीटर लांब आणि अरुंद असतो. असा भाग उन्हाळ्यात बंद कारमध्ये किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवला, तर तो पिळला जातो. रेझिनचा हल वाकला असेल, तर गरम पाण्यात धरून मऊ करावा, सपाट काचेवर सरळ दाबावा आणि लगेच थंड पाणी ओतावे. प्लास्टिकच्या हलला मात्र आतून आडव्या पट्ट्या लावणे आणि काम सुरू करण्याआधीच तो खालून स्क्रूने जाड लाकडी फळीवर कसणे हाच खात्रीचा उपाय आहे. फळीमुळे आणखी एक फायदा होतो : पुढील सर्व काम जहाजाला हात न लावता होते.

दोन अर्धे भाग जोडल्यावर सांधा घासून गुळगुळीत केला, रंग दिला आणि आठवड्याभराने तीच रेष पुन्हा दिसू लागली, ही तक्रार नेहमीची आहे. त्याचे कारण घाई. द्रावक गोंदाने प्लास्टिक विरघळते, फुगते आणि नंतर हळूहळू आक्रसते. ते पुरते आक्रसण्याआधी घासल्यास घासलेली जागा पुढे खोल जाते. उन्हाळ्यात वरचा थर लवकर कोरडा लागतो म्हणून फसगत अधिक होते. निदान दोन-तीन दिवस थांबावे.

सुपरग्लू : मे महिन्यात आळशी, जुलैत उतावळा

सुपरग्लू हवेतील आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्यामुळे घट्ट होतो. नवतपाच्या कोरड्या दुपारी तो पितळी भागावर बराच वेळ ओलाच राहतो, करणारा कंटाळून आणखी एक थेंब सोडतो, आणि मिलिमीटरभर शिडीच्या पायथ्याशी गोंदाची गाठ तयार होते. इथे गोंद वाढवण्याऐवजी ओलावा वाढवावा : कामाच्या मेजावर ओले फडके किंवा पाण्याचे पसरट भांडे ठेवले तरी फरक पडतो.

याउलट पावसाळ्यात, किंवा कूलरच्या ओल्या झोतात, सांध्याभोवती पांढरी धूसर बुरशी आल्यासारखे दिसते. ती बुरशी नसून गोंदाची वाफ दमट हवेत घट्ट होऊन पुन्हा भागावर बसलेली असते. गोंद जितका जास्त, तितका हा पांढरेपणा अधिक. म्हणून थेंब बाटलीतून थेट न सोडता सुईच्या टोकाने घ्यावा आणि ताजे सांधे लगेच पेटीत बंद करू नयेत. बसलेला पांढरेपणा रंगाच्या किंवा वार्निशच्या पातळ थराखाली बहुधा नाहीसा होतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवत असल्यास ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. थंड बाटली दमट हवेत उघडली की आत दव धरते आणि महागडा गोंद बाटलीतच दगड होतो.

रेलिंग

बहुतेक मॉडेल्स बिघडतात ती रेलिंगवर, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. डेकवरील रेलिंग प्रत्यक्षात साधारण मीटरभर उंच असते, म्हणजे १/३५० मध्ये तीन मिलिमीटरपेक्षाही कमी. प्लास्टिकमध्ये ओतलेली रेलिंग अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर प्रत्यक्षात ती साडेसतरा सेंटीमीटर जाडीची होते. विजेचा खांब आडवा टाकल्यासारखी ती दिसते. म्हणून फोटोएचची, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेली, पितळी रेलिंग वापरली जाते, आणि तिथून पुढच्या चुका सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे पत्र्यातून रेलिंग मऊ रबरी मॅटवर कापणे. चाकूच्या दाबाने पत्रा मॅटमध्ये रुततो आणि सुटतानाच रेलिंगची कमान होते. काचेच्या तुकड्यावर किंवा उरलेल्या गुळगुळीत टाइलवर कापावे आणि मागून मास्किंग टेप लावावी, म्हणजे सुटलेला तुकडा उडून फरशीवर जाणार नाही. दुसरी चूक मोजण्यातली. डेकची कड क्वचितच सरळ असते, ती वक्र असते. तेव्हा पट्टीने मोजण्याऐवजी मास्किंग टेपची अरुंद फीत कडेवर चिकटवावी, तिच्यावर कोपऱ्यांच्या खुणा कराव्यात, ती उचलून सरळ रेलिंगशेजारी लावावी आणि त्या खुणांवर वाकवावे. कडक पितळ वाकत नसेल तर क्षणभर ज्योतीवरून फिरवून थंड होऊ द्यावे. ते मऊ होते, मात्र ज्योत रेंगाळली तर एवढी बारीक जाळी जळून जाते. घडीच्या भागांवर अर्धवट कोरलेली रेष साधारणपणे घडीच्या आतल्या बाजूला येते, हे वाकवण्याआधी पाहावे, कारण पितळ दोनदा वाकवणे फारसे सहन करत नाही.

तिसरी चूक गोंदाची. रेलिंगवर कोणताही भार येत नाही, म्हणून तिला सुपरग्लूची ताकद लागत नाही. पाण्यात किंचित पातळ केलेला पांढरा फेव्हिकॉल सुईने खांबांच्या पायथ्याशी लावला, तर रेलिंग सरकवून नीट बसवायला मिनिटभर मिळते, सांडलेला गोंद ओल्या ब्रशने पुसता येतो, आणि वाळल्यावर तो पारदर्शक होतो. हा गोंद पाणी उडून वाळतो. त्यामुळे सुपरग्लूला त्रास देणारा नागपूरचा उन्हाळा इथे मदतीला येतो.

क्रमाचेही महत्त्व मोठे आहे. वरच्या मजल्यांच्या आणि मधल्या भागांच्या रेलिंग आधी, मुख्य डेकच्या कडेच्या सर्वांत शेवटी, कारण बोटे नेमकी त्यांनाच लागतात. हेलिकॉप्टर डेकभोवतीच्या सुरक्षा जाळ्यांचा विचारही आधीच करावा : उड्डाण चालू असताना त्या आडव्या पाडलेल्या असतात. पाती पसरलेले हेलिकॉप्टर डेकवर उडण्याच्या तयारीत दाखवून भोवती जाळ्या उभ्या ठेवणे जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

बारीक चिमटे, सुया आणि पिनव्हाइस (बोटांनी फिरवायचा छोटा ड्रिल) यांसाठी परदेशी हत्यारांचे संच मागवण्याची गरज नाही. इतवारीतील सराफा भागात सोनारकामाची अवजारे पाहावीत. अशी बारीक कामे सोनार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

खरखरीत रंग आणि दुधाळ रंग

एअरब्रशने दिलेला रंग हाताला सँडपेपरसारखा लागत असेल, तर थेंब भागावर पोहोचण्यापूर्वीच हवेत वाळत आहेत असे समजावे. मे महिन्यात हे रोजचे आहे. अंतर कमी करावे, दाब १५ पीएसआयच्या आसपास आणावा, थिनर वाढवावा आणि रंगात रिटार्डरचे (वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचे) काही थेंब घालावेत. सकाळी सहा-सात वाजता काम केल्यास यातील निम्मी खटपट वाचते. नोझलच्या टोकावर वाळलेला रंग अधूनमधून थिनरच्या ओल्या ब्रशने पुसावा. कूलरच्या समोर फवारणी कधीही करू नये : झोत रंग वळवतो, ताज्या थरावर धूळ बसवतो आणि हवाही ओली करतो.

पावसाळ्यात लॅकर रंगावर पांढरट, दुधाळ छटा येते. थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प धरते आणि ते रंगात अडकते. कोरडा दिवस पाहून रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा दिल्यास छटा बहुधा निघून जाते. कॉम्प्रेसरला पाणी धरणारा फिल्टर नसेल, तर जून ते सप्टेंबर नळीतून रंगासोबत पाण्याचे थेंबही येतात.

वॉटरलाइनचा (पाण्याच्या पातळीचा) काळा पट्टा डोळ्यांच्या अंदाजाने आखू नये. हल सपाट काचेवर समतल बसवावा, ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधावी आणि ठोकळा सरकवत भोवताली खूण करावी. टेपखाली रंग शिरू नये म्हणून टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग फवारावा, आणि उन्हाळ्यात टेप दोन-तीन दिवस तशीच ठेवू नये, कारण तिचा चिकटपणा हलवरच राहतो.

डेकलखालची चांदी

डी-६६ सारखा क्रमांक हलवर चिकटवला आणि त्याभोवतीची पारदर्शक फिल्म चांदीसारखी चमकू लागली, तर दोष डेकलचा नसतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि खळग्यांत हवा अडकते. आधी ग्लॉस वार्निश, मग डेकल, त्यावर डेकल मऊ करणारे द्रावण आणि शेवटी मॅट वार्निश, हा क्रम मोडू नये. चांदी आलीच तर सुईने बारीक छिद्रे पाडून पुन्हा द्रावण सोडावे. बोअरवेलच्या जड पाण्याने वाळल्यावर पांढरे डाग पडतात. आरओचे पाणी वापरावे.

गंज

गंजाबाबत संयम हवा. आधुनिक नौदलाचे जहाज सतत रंगवले जाते. गंजाचे ओघळ नांगराच्या छिद्राखाली आणि पाणी वाहून जाण्याच्या जागांवर दिसतात, सर्वत्र नव्हे. २०२२ मध्ये विशाखापट्टणम येथे झालेल्या राष्ट्रपतींच्या नौदल निरीक्षणासाठी सज्ज असलेली नौका दाखवायची असेल, तर गंजाची बाटली उघडूही नये.

पेटी

तयार मॉडेल ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवावे, पण रंग आणि गोंद पूर्ण सुकल्यावरच. आत कोंडलेली वाफ पुन्हा भागांवर बसते. धूळ रेलिंगमधून काढता येत नाही, त्यामुळे पेटी नंतर करू म्हणून मॉडेल उघडे ठेवू नये. पेटी खिडकीपासून दूर आणि कूलरच्या झोतापासून बाजूला असावी, तसेच तळफळी घरात शिरेल त्या दरवाजाच्या मापानेच कापून घ्यावी.