क्रेडिट युनियनमध्ये खातं काढलंत, आता मतही द्या

अमेरिकेत नव्याने आलेल्या कुणी बँकेबद्दल विचारलं की मी आधी क्रेडिट युनियन सुचवते, म्हणजे आपल्या पतसंस्थेसारखी सभासदांच्या मालकीची संस्था. व्याज जास्त मिळतं म्हणून नव्हे. कधी मिळतं, कधी नाही. तिथे आपण मालक असतो, म्हणून.

आधी आपल्याला कुठल्या क्रेडिट युनियनचं सभासद होता येतं ते बघा. सभासदांमध्ये काहीतरी समान लागतं: एकच कंपनी, एखादी संघटना किंवा परिसर. ऑफिसात एचआरला विचारा, नाहीतर काउंटीचं नाव टाकून शोधा. घरातलं कुणी सभासद असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यावरही भागतं. सोशल सिक्युरिटी नंबर आला नसेल तर सरळ फोन करा, प्रत्येकाचे नियम वेगळे.

दारावर एनसीयूएची, म्हणजे क्रेडिट युनियनवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची, पाटी हवीच. तिच्या विम्यामुळे अडीच लाख डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित असते. काही राज्यांत खासगी विम्यावर चालणाऱ्याही आहेत. मी त्या वाटेला जात नाही.

कर्ज लागणार असेल तर केंद्रीय सनदेची, म्हणजे राज्याऐवजी केंद्र सरकारकडून परवाना घेतलेली, क्रेडिट युनियन बघा. तिथे व्याजाला 18 टक्क्यांची मर्यादा आहे. अडीनडीला 2000 डॉलरपर्यंतचं छोटं कर्जही काही ठिकाणी मिळतं, त्यावर 28 टक्क्यांची मर्यादा. महाग वाटेल, पण पेडे लोनवाल्याचा, म्हणजे पुढच्या पगारापर्यंत उसने पैसे देणाऱ्याचा, वार्षिक दर 400 टक्क्यांच्या आसपास जातो. सावकारीच ती.

खातं उघडताना बहुधा 5 किंवा 25 डॉलर शेअर म्हणून अडकून राहतात. स्टेटमेंटवरची ती ओळ नीट बघा, मालकी तिथे आहे. संचालक निवडताना पाच डॉलरवाल्याला एक मत, लाखवाल्यालाही एकच, आणि केंद्रीय सनदेच्या संस्थेत आपलं मत दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

1907 साली बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन भारतात आले होते, तेव्हा बंगालमधल्या खेड्यांच्या पतसंस्था पाहून गेले. 1908 मध्ये न्यू हॅम्पशरच्या मँचेस्टरला फ्रेंच-कॅनेडियन गिरणी कामगारांनी देशातली पहिली क्रेडिट युनियन उभी केली. पुढल्या वर्षी मॅसॅच्युसेट्सने कायदा केला, त्यामागे फायलीनही होते. 1934 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी देशभरासाठीच्या कायद्यावर सही केली. पैसा कष्टकऱ्यांचा, तर कर्ज कुणाला द्यायचं हेही त्यांनीच ठरवावं, हा पुरोगामी विचार यामागे होता. म्हणून तर क्रेडिट युनियनला केंद्राचा आयकर नाही. बँकांना ते सलतं. सभासद सभेला फिरकलेच नाहीत, तर ‘मग आमच्यात नि तुमच्यात फरक काय’ म्हणणाऱ्या बँकांना काय उत्तर द्यायचं?

आमच्या वार्षिक सभेत घडीच्या खुर्च्या निम्म्या रिकाम्या असतात. संचालकांच्या जागा तीन, उमेदवार तीन, अध्यक्ष बिनविरोध जाहीर करून मोकळे. मग कॉफी. संचालक बिचारे बिनपगारी राबतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ओव्हरड्राफ्टचे दंड कमी करा, हे सांगायला तिथे उभं राहावं लागतं.

निवडणूक खरोखर व्हायला हवी असेल तर पोटनियम मागवून घ्या. केंद्रीय सनदेच्या संस्थेत साधारणपणे 1 टक्का सभासदांच्या सह्यांनी उमेदवार उभा करता येतो. किमान 20 सह्या, 500 पेक्षा जास्त कधीच नाही. मुदत मात्र सभेच्या कितीतरी आठवडे आधी संपते, तेव्हा तारीख सचिवांना आत्ताच विचारून ठेवा.