तुंबलेलं बेसिन : ओतू नका, उघडा

बेसिनमध्ये पाणी साचलं की जळगाव-भुसावळपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत पहिली धाव दुकानाकडे जाते. कुणी ॲसिडची बाटली आणतं, कुणी ड्रेनेजची पावडर. आधी हे थांबवा. हट्टी तुंबा ओतून निघत नाही, उघडून निघतो. त्यासाठी प्लंबरचीही दरवेळी गरज नसते.

त्या पाइपात असतं काय? केस, खोबरेल तेल, टूथपेस्ट आणि साबण. जेवण झाल्यावर हात त्याच बेसिनवर धूत असाल तर शेवभाजीच्या तर्रीचं आणि भरताचं तेलही. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. त्यांच्याशी साबण मिळाला की न विरघळणारा पांढुरका, चिकट गाळ बनतो आणि केसांच्या गुंत्यावर थरावर थर बसत जातो. ठिबकच्या नळ्यांतले क्षार ॲसिडने सुटतात हे केळीवाल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, म्हणून बेसिनलाही तेच चालेल असं वाटतं. चालत नाही. ॲसिड क्षार खातं, केसांचा गुंता तसाच राहतो.

पावडरीतला कॉस्टिक सोडा केस आणि तेल हळूहळू विरघळवतो हे खरं, पण साचलेल्या पाण्यात तो तुंब्यापर्यंत धड पोचतच नाही. काम झालं नाही तर पाइपभर जळजळीत पाणी उरतं आणि खाली बसून ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचा पाणी साचवून ठेवणारा बाटलीसारखा भाग, उघडणाऱ्याच्या हातावर, डोळ्यांत उडतं. कॉस्टिकवर ॲसिड ओतलं तर उसळून अंगावर येतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. खायचा सोडा नि व्हिनेगर एकमेकांना मारून टाकतात, फेसापलीकडे काही उरत नाही. उकळतं पाणीही नको, पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडतो.

आधीच काही ओतून बसला असाल तर रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय खाली हात घालू नका. बादली प्लॅस्टिकचीच घ्या. जर्मनचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो.

आता काम. बेसिनचा नळ सोडल्यावर खालच्या फरशीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीतूनही पाणी वर येत असेल तर बेसिनला हात लावू नका, अडथळा पुढच्या लाइनीत आहे. बाहेरचा चेंबर उघडा.

फक्त बेसिनच तुंबलं असेल तर मोटरसायकलच्या जुन्या क्लच वायरचं टोक उसवून आकड्यासारखं वाकवा, जाळीतून खाली घाला, फिरवा, केस ओढून काढा. मग दांड्याचा रबरी पंप मारा. बेसिनच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लोचं भोक असतं, ते ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा. नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. दहा-पंधरा दणक्यांत पाणी उतरलं नाही तर पंप बाजूला ठेवा आणि बॉटल ट्रॅप उघडायला घ्या.

इथेच बहुतेकांचं काम बिघडतं, म्हणून सावकाश वाचा. ट्रॅपची खालची वाटी आणि वरचा नट, दोन्ही खालून वर बघताना घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. बेसिनवरून वाकून हात घातला की दिशा उलटी भासते आणि माणूस सुटायचं ते आणखी आवळतो. म्हणून खाली बसा, वर बघा, मगच फिरवा.

आधी फक्त वाटी काढा. निम्म्या वेळा सगळा गाळ तिच्यातच असतो. क्षारांनी आटे धरले असतील तर दातेरी पाना लावू नका. क्रोमवर ओरखडे पडतात आणि पातळ पितळ चेपतं. चेपलेली वाटी पुन्हा कधीच नीट बसत नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं आट्याभोवती गुंडाळून वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि रात्रभर राहू द्या. कॉस्टिक किंवा ब्लीचिंग पावडर ओतलेली नसेल तरच हे करा. सकाळी रबरी मोज्याच्या पकडीने वाटी बहुधा हातानेच सुटते.

वरचा नट सोडताना दुसऱ्या हाताने, किंवा घरातल्या कुणाला सांगून, बेसिनमधली जाळी वरून घट्ट धरून ठेवा. तळाशी नट फिरतो तसं अख्खं वेस्ट कपलिंगच, म्हणजे जाळीला जोडलेली बेसिनच्या भोकातली नळी, बेसिनमध्ये फिरायला लागतं आणि त्याच्याखालचं व्हाइट सिमेंट तडकतं. तुंबा निघतो, पण गळती मागे राहते, आणि ती लाकडी कपाट कुजल्यावरच दिसते. कपलिंग फिरलंच तर ते तसंच दाबून बसवू नका. काढा, जुनं सिमेंट खरवडा, नवीन वॉशर घालून बसवा.

वाटी स्वच्छ निघाली तर अडथळा भिंतीतल्या पाइपात आहे. ट्रॅप पूर्ण काढून तिथे पाइप साफ करायची लांब लवचिक स्प्रिंग घाला. ती टणक आदळली तर एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण आहे, फिरवत पुढे न्या. लुसलुशीत अडली तर तोच तुंबा. तिथे ढकलू नका, एकाच दिशेने फिरवत गुंता अडकवा आणि हळूहळू बाहेर ओढा. ढकललेला गुंता एल्बोच्या पुढे जाऊन बसतो आणि मग फरशी फोडायची वेळ येते.

जोडताना माझं मत ठाम आहे : या जोडांना टेफ्लॉन टेप लावायची नाही, एम-सील तर नाहीच. इथे पाणी आटे अडवत नाहीत, रबरी वॉशर अडवतो. चपटा किंवा कडक झालेला वॉशर फेकून द्या. जुना नमुना घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, बेसिनचा वेस्ट साधारण 32 मिमीचा असतो. भिंतीकडच्या पाइपावर निमुळता वॉशर असेल तर त्याची पातळ कड बाटलीच्या दिशेने ठेवा. तो उलटा बसला तर कितीही आवळलं तरी थेंब गळतोच. नट हाताने शेवटपर्यंत आणा आणि मग जेमतेम पाव फेरा द्या. प्लॅस्टिकचा ट्रॅप जास्त आवळला की चिरतो.

जाळीवर फडकं दाबून बेसिन काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवा, जोड गळत असेल तर थेंब लगेच उमटतो.

ट्रॅप काढून सरळ पाइप टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ट्रॅपमध्ये साचून राहिलेलं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. लवचिक नळी वापरली असेल तर तिलाही खाली यू आकाराचा बाक द्या. मे महिन्यात घर बंद करून गावाला जाताना बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडं तेल सोडा, म्हणजे भुसावळच्या उन्हातही ते पाणी लवकर आटणार नाही.