लक्षण कार्ब्युरेटरमध्ये, दुखणं टायमिंगमध्ये

मॉडिफाय केलेल्या एअर-कूल्ड इंजिनावर दोन वेबर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण बनवणारे वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर, चढवले आहेत. आयडलिंग बरं वाटतं, पण ॲक्सलरेटर हळूच दाबला की इंजिन अडखळतं, क्षणभर काहीच घडत नाही आणि मग एकदम सुटतं. हा फ्लॅट स्पॉट. ज्याला विचाराल तो म्हणेल, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं बूच) बदला. बदलू नका. आज तर नाहीच.

मी बोलतेय ते फोक्सवॅगन बीटलच्या फ्लॅट-फोर, म्हणजे आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनाबद्दल. मूळ १५८४ सीसीचं इंजिन. क्रँक तोच ६९ मिमी स्ट्रोकचा ठेवून ८५.५ऐवजी ९०.५ मिमीचे पिस्टन आणि बॅरल बसवले की ते १७७६ सीसी होतं. त्यावर वेबरचे दोन ४० आयडीएफ, दोन-दोन गळ्यांचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला हवेचा आपला वेगळा गळा. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), कॉम्प्रेशन आणि मॅनिफोल्डच्या जोडातली गळती तुम्ही तपासली आहे असं धरून पुढे जाते. फक्त पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे) क्रोमोली पोलादाचे असतील तर टॅपेटचा ०.१५ मिमीचा मूळ आकडा त्यांना लागू नाही. ते थंड इंजिनावर जवळजवळ शून्य गॅपवर ठेवतात.

आता तो सापळा. यात मी इतका काळ अडकले होते की जरा लांबण लावूनच सांगणार आहे.

थ्रॉटलची चकती बंद असते तेव्हा तिच्या कडेला लागून गळ्याच्या भिंतीत बारीक भोकांची एक ओळ असते. ही प्रोग्रेशनची भोकं. आयडलिंगला ती चकतीच्या वरच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या ओढीपासून दूर असायला हवीत. तेव्हा पेट्रोल येतं ते फक्त खालच्या, आयडलिंगचं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या मिक्स्चर स्क्रूच्या भोकातून. ॲक्सलरेटर दाबला की चकतीची कड एकेक भोक ओलांडते, त्याला इंजिनाची ओढ लागते आणि वाढलेल्या हवेला जोडीचं पेट्रोल मिळतं. वरच्या वेगाचं पेट्रोल देणारा मेन जेट जागा होईपर्यंतचा सगळा प्रवास याच भोकांवर चालतो. साधारण २५०० ते ३००० आरपीएमपर्यंत तुम्ही या भोकांना पेट्रोल पुरवणाऱ्या आयडल जेटवरच गाडी चालवत असता. मेन जेट बदलून खालचा अडखळा जात नाही तो यामुळे.

आयडलिंगलाच चकती जास्त उघडी असेल, तर ही भोकं आधीच वाहू लागलेली असतात. मग मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत घेतला तरी तो सिलिंडर बंद पडत नाही. आणि ॲक्सलरेटर दाबल्यावर हवा वाढते, पण वाढवायला पेट्रोल शिल्लक नसतं. तोच अडखळा.

आयडलिंगला चकती जास्त उघडी का राहते? कारण चकती किती उघडी राहील ते ठरवणारा स्पीड स्क्रू तुम्ही आत आत घेतला. का घेतला? इंजिन ९०० आरपीएमवर टिकत नव्हतं म्हणून. आणि टिकत का नव्हतं? स्पार्क उशिरा पडत होता, म्हणजे टायमिंग मागे होतं म्हणून. मिश्रण उशिरा पेटलं की तेवढ्याच हवेतून कमी काम निघतं, म्हणून इंजिन चालू ठेवायला जास्त हवा द्यावी लागते. दोष स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो आणि दिसतो कार्ब्युरेटरमध्ये. ही साखळी एकदा नीट कळली की निम्मं ट्यूनिंग कळलं, असं मी मनापासून म्हणते.

म्हणून आधी इग्निशन. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (उघडले की स्पार्क पाडणारे संपर्क) असतील तर गॅप ०.४ मिमी, आणि तो टायमिंगच्या आधीच लावायचा, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. त्यानंतर टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा), पण आयडलिंगला नाही. इंजिन ३००० ते ३५०० आरपीएमवर नेऊन खूण पुढे सरकायची थांबते तिथे मोजा. अशा इंजिनाला पिस्टन वर पोहोचण्याआधीचे एकूण २८ ते ३२ अंश पुरतात. त्यातून डिस्ट्रिब्युटरचा स्वतःचा ॲडव्हान्स, म्हणजे वेगाबरोबर तो स्पार्क जितका पुढे नेतो तेवढे अंश, वजा केला की उरतं ते आयडलिंगचं टायमिंग. एकूण ३० ठेवलं आणि डिस्ट्रिब्युटर २० देत असेल, तर आयडलिंगला १० मिळतात. तोच २५ देत असेल तर उरतात ५. झिजलेल्या वजनांचा किंवा ढिल्या स्प्रिंगचा डिस्ट्रिब्युटर याहून विचित्र आकडे देतो. दुसऱ्याच्या इंजिनाचा आयडलिंगचा आकडा उचलून आपल्या इंजिनाला लावणं धोक्याचं आहे ते यासाठी.

कानाने टायमिंग लावणाऱ्या उस्तादांबद्दल मला आदर आहे. त्यांच्याकडून हात कसा हलका ठेवायचा ते शिका. टायमिंग मात्र त्यांच्या कानावर सोडू नका. या इंजिनात पंख्याचा आणि एक्झॉस्टचा आवाज इतका असतो की नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येईपर्यंत पिस्टनला इजा झालेली असू शकते. इथे पाण्याचं जॅकेट नाही. वाढलेली उष्णता हेडमध्ये आणि तेलात जाते, आणि ती हटवायला पंख्याची हवा आणि तेलाचा कूलर एवढंच आहे. एकूण टायमिंग ३२च्या पुढे नेऊन ‘पिकअप वाढला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. माझं याबाबत दुसरं मत नाही.

एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर बसवणार असाल तर जरूर बसवा, पण एक लक्षात ठेवा. सिलिंडर मिस झाला की न जळलेला ऑक्सिजन बाहेर जातो आणि मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग आणखी काळे पडतात, मिसिंग वाढतं, मीटर आणखी लीन दाखवतो. इग्निशन धड नसताना हा मीटर तुम्हाला उलट्या दिशेला नेतो.

इतकं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालणारं इंजिन मरत नाही. प्लगवर काजळी धरते, पेट्रोल जास्त जातं, एवढंच. शिकण्याचे दिवस रिच बाजूला काढा.

टायमिंग बसलं की कार्ब्युरेटर. पेट्रोलचा दाब चौरस इंचाला ३ ते साडेतीन पौंडांच्या वर नको, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई दाबाला टिकत नाही. इंजिन पूर्ण गरम करा. गरम झालं की ते रुंदावतं, दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांपासून किंचित लांब जातात आणि त्यांना जोडणारं लिंकेज ओढलं जातं. थंड इंजिनावर जुळवलेलं सिंक (दोन्ही बाजूंची हवा समान असणं) याच कारणाने बिघडतं. लिंकेज सोडवा, स्पीड स्क्रू चकतीच्या दांड्याला जेमतेम टेकवा, तिथून अर्धा फेरा आत. प्रोग्रेशनच्या भोकांवरची छोटी टोपी काढून चकतीची कड कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. मग एअरफ्लो मीटरने दोन्ही बाजू समान करा आणि एकेक मिक्स्चर स्क्रू आयडलिंग सर्वांत वर जाईपर्यंत फिरवा. दीड-दोन फेऱ्यांत जमलं तर आयडल जेट बरोबर आहे. अडीचच्या पुढे जावं लागलं तर तो लहान आहे, ५० असेल तर ५५ लावून बघा. हा आकडा मिलिमीटरच्या शतांशात असतो, ५० म्हणजे ०.५० मिमी. इतक्या बारीक भोकात कचऱ्याचा एक कणही पुरतो. एकच सिलिंडर मेला तर आधी त्याचा आयडल जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं.

लिंकेज जोडल्यावर सिंक पुन्हा तपासा, आयडलिंगलाही आणि २०००च्या आसपासही. वर तफावत आली तर लिंकेजच्या दांड्याची लांबी जुळवायची, स्पीड स्क्रूला हात लावायचा नाही. मेन जेट यानंतर, पूर्ण ॲक्सलरेटरवर, चढावर. सुरुवात व्हेंचुरीच्या, म्हणजे गळ्यातल्या अरुंद भागाच्या मिलिमीटरमधल्या मापाच्या, चौपट आकड्याने करा, २८ला ११० ते ११५. तिथून एका वेळी एकच पायरी बदला आणि टायमिंगला मध्येच हात लावू नका.