जस्ताच्या मॅक्रोसायकलमध्ये ऋणायन बसतो का, हे तपासताना

जस्ताचे दोन अणू बसवलेलं मॅक्रोसायकल, म्हणजे मोठ्या वलयाचा रेणू, हाती आलं की लगेच टायट्रेशनला, म्हणजे ऋणायन (ऋण भाराचा आयन) थोडाथोडा घालून बंधन मोजायला, बसू नका. आधी त्या जस्तापाशी कोण बसलंय ते बघा. सीबीएसवर (मध्यवर्ती बस स्थानकावर) लागलेल्या एसटीत सीट रिकामी दिसते, पण खिडकीतून रुमाल पडलेला असतो, तसंच इथं. पाणी असतं, सॉल्व्हंट असतो, नाहीतर धातूच्या क्षारासोबत आलेला ऋणायन. झिंक क्लोराइडपासून संकुल (धातू बसवलेलं वलय) बनवलं आणि क्लोराइडचंच टायट्रेशन केलं, तर त्या आकड्याला काय अर्थ? सैल बसणारा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट घ्या. परक्लोरेटही सैलच बसतो, पण असे क्षार कोरडे झाले की फुटू शकतात. मी पोरांना ते करू देत नाही.

ऋणायन स्वतःची इलेक्ट्रॉन जोडी जस्ताला देतो. वलयामुळे दोन जस्तांमधलं अंतर बरंचसं ठरलेलं असतं, म्हणून ज्याला दोघांवर पूल टाकता येतो तो घट्ट बसतो. क्लोराइडची त्रिज्या १.८१ अँगस्ट्रॉम, फ्लुओराइडची १.३३. पण नुसत्या मापावर जाऊ नका, पाणी फार ओढ धरतं. सल्फेटचं पाणी सोडवायला मोलमागे हजारभर किलोज्यूल लागतात, क्लोराइडचं साधारण ३४०.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हीच खरी डोकेदुखी. टायट्रेशनला लागणारा क्लोराइड क्षार, टेट्राब्युटिलअमोनियम क्लोराइड, हवेतल्या दमटपणानं वजनकाट्यावरच ओलं व्हायला लागतं. ते व्हॅक्यूममध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइडवर रात्रभर ठेवा, बाहेर काढलं की झटपट वजन करा. डीएमएसओ या सॉल्व्हंटची बाटली उघडी ठेवू नका. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या हायड्रोजनचे सिग्नल दाखवणारं यंत्र) ३.३३ पीपीएमजवळचा पाण्याचा सिग्नल प्रत्येक स्पेक्ट्रमला बघा. तो वाढत गेला तर दिवस फुकट.

आता टायट्रेशन. होस्टचं, म्हणजे जस्ताच्या मॅक्रोसायकलचं, १ मिलिमोलर द्रावण करा, त्यातलं ६०० मायक्रोलिटर ट्यूबमध्ये घ्या. उरलेल्यातल्या १ मिलिलिटरमध्ये ८.३ मिलिग्रॅम क्लोराइड क्षार विरघळवा, म्हणजे ३० मिलिमोलर. गेस्ट, म्हणजे बसणारा ऋणायन, होस्टच्याच द्रावणात केल्यानं होस्ट पातळ होत नाही. हे कधीच चुकवू नका. आता ४ मायक्रोलिटर म्हणजे ०.२ इक्विव्हॅलंट (होस्टच्या एका मोलमागे गेस्टचे ०.२ मोल). दोन इक्विव्हॅलंटपर्यंत असंच बारीक चाला, पुढं पावलं मोठी टाका, दहापर्यंत जा.

सिग्नल किती सरकला त्याचा आलेख एका इक्विव्हॅलंटला काटकोनात वळल्यासारखा दिसला तर बंधन एनएमआरच्या आवाक्याबाहेर, फार घट्ट आहे. मायक्रोमोलर द्रावण करून यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणं) जा. तांब्याचं संकुल असेल तर पॅरामॅग्नेटिझममुळे सिग्नल पसरतात, तिथं सुरुवातच यूव्हीनं करा. होस्ट-गेस्टचं प्रमाण ठरवायला नुसत्या जॉब प्लॉटवर (दोघांचं प्रमाण बदलत काढलेला आलेख) विसंबू नका, १:१ आणि १:२ दोन्ही मॉडेल फिट करून शिल्लक चुका ताडून बघा.

आणि धातू नसलेल्या नुसत्या वलयाचा स्पेक्ट्रम शेजारी ठेवा. फॉस्फेट किंवा सायनाइड घालताना त्याचे सिग्नल उगवले, तर ऋणायन वलयात बसला नाही, त्यानं जस्तच बाहेर ओढलं. तो डेटा फिटिंगला घेऊ नका.