पुण्या-मुंबईचं कॉलेज निवडताना या चुका टाळा

जून उजाडला की माझा फोन गावाकडच्या नंबरांनी भरतो. मी मूळची अंबाजोगाईची, पण २००५ पासून पुण्यात. त्यामुळे घाटनांदूरपासून केजपर्यंत ज्याच्या पोराचा बारावीचा निकाल लागतो, त्याला मी आठवते. प्रश्न ठरलेला, “ताई, पुण्यात टाकावं का?” मी उलट विचारते, पुण्यात म्हणजे कुठं? हा प्रश्न कुणालाच आवडत नाही.

माझा शहराला विरोध नाही. मी स्वतः त्याच्यावर पोसले आहे. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या ४११ एकरांत जयकर ग्रंथालयही आहे आणि खगोलशास्त्राची आयुका ही संस्थाही. संशोधनाची आवड असेल तर भांडारकर संस्था बसच्या टप्प्यात. पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूट, नाटकासाठी ललित कला केंद्र. अशा मुलांनी यावंच, असं मी हात धरून सांगते. पण हे सगळं उपयोगी पडतं ते संध्याकाळी पाच वाजता कॉलेज सुटल्यावर अंगात त्राण उरलं असेल तरच. वीस वर्षं चुका बघून मला एवढंच कळलंय. बाकीचं चुकांच्या ओघात येईल.

शहराचं नाव वाचून पर्याय भरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती माझ्याच घरात झाली.

माझ्या चुलत भावाचा मुलगा. सिव्हिल करायचं हे त्याचं ठरलेलं. कराडच्या सरकारी कॉलेजात, १९६० सालच्या, सिव्हिल मिळेल एवढे पर्सेंटाइल हातात. पण “कराड म्हणजे काय, तालुकाच की” म्हणून त्यानं ते चौथ्या क्रमांकावर टाकलं आणि पहिला पर्याय भरला तो नावात ‘पुणे’ असलेल्या एका खासगी कॉलेजचा. मला विचारलं नाही. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला, म्हणजे सीट आपोआप फ्रीझ, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. दादाचा फोन आला, “पुण्यात लागला नंबर, पेढे पाठवतो.”

पेढे छान होते. कॉलेज निघालं मावळात.

बरं, कॉलेज तिकडे असेल तर राहायचंही तिकडेच, एवढं साधं गणित. पण पोराला ‘पुण्यात’ राहायचं होतं. एमपीएससी करणाऱ्या गावाकडच्या मित्रानं नारायण पेठेत कॉटची सोय केली. मग रोजचा दिवस असा: साडेपाचला उठायचं, शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल धरायची, स्टेशनवर उतरून टमटममध्ये दहावा माणूस म्हणून अर्धा बाहेर लटकायचं, आणि वर दीड किलोमीटर चालायचं. येताना तेच उलट. दुपारी लवकर सुटलं तरी उपयोग नाही, कारण त्या मार्गावर तेव्हा दुपारी लोकलला मोठी फट असायची. पावसाळ्यात पहिलं लेक्चर बुडायला लागलं, मग पहिली दोन. दिवाळीच्या आधी हजेरीची यादी लागली तेव्हा हा पंचाहत्तर टक्क्यांच्या बराच खाली. टर्म गेली.

गंमत म्हणजे इतकं करून त्यानं पुणे पाहिलंच नव्हतं. भरत नाट्य मंदिर त्याच्या खोलीपासून चालत काही मिनिटांवर. एकदाही गेला नाही. जाणार कधी? नऊ वाजता झोपत होता.

दुसऱ्या सत्रात मी त्याला कॉलेजशेजारच्या गावात खोली घेऊन दिली. भाडं कमी, हजेरी सुधारली. पण भावानं तेव्हा विचारलं, “मग कराड काय वाईट होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम: कॉलेजच्या पत्त्यातला पिनकोड आधी बघायचा. पुणे शहराचा ४११ नं सुरू होतो. तळेगाव, लोणावळा ४१०. वाघोली, लवळे ४१२. मुंबईचंही तसंच, ‘मुंबईतलं कॉलेज’ म्हणून कर्जत पुढ्यात आलं, तर तिथला पिन ४१० चा आणि सीएसएमटीपासून रेल्वेनं अंतर १०० किलोमीटर. ४११ म्हणजे सगळं जवळ असंही नाही, हिंजवडीही ४११ मध्येच येते. पण निदान पहिली चाळण लागते.

कॉलेजच्या कोडवरूनही लोक फसतात. तंत्रशिक्षणाच्या यादीत वर्षानुवर्षं पुणे विभागाचा आकडा ६; पण त्या विभागात सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूरही येतं. पुण्यातलं सीओईपी आणि सांगलीचं वालचंद, ही दोन्ही इंजिनिअरिंग कॉलेजं एकाच विभागातली. आणि विद्यापीठाचं नाव म्हणजे शहर, हेही चूक. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कॉलेजं नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतही आहेत. उलट बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगडातल्या लोणेरे गावात, आणि त्याला जोडलेली कॉलेजं शहरांत.

पिनकोडनंतर माझी दुसरी चाचणी. पोराला सोमवारी बोलवायचं, जुलैत, आणि जिथं राहणार तिथून कॉलेजपर्यंत सकाळच्या वेळेला बसनं पाठवायचं. मोटारसायकलवर नाही. काकाच्या गाडीतून रविवारी तर नाहीच. रविवारी पुण्यातलं प्रत्येक कॉलेज वीस मिनिटांवर असतं.

फी म्हणजेच खर्च, असं धरणं

आईवडील फीचा आकडा पाठ करून येतात. बाकीचं “बघू, होईल.” होत नाही.

मी आले तेव्हा वडिलांनी शंभराच्या नोटा मोजून दिल्या होत्या, तीन महिन्यांच्या. दीड महिन्यात संपल्या. डिपॉझिट कुणाच्या डोक्यात नव्हतं. गादी, बादली, टेबललॅम्प हेही नव्हतं. आणि मेसचा ‘खाडा’ ही काय चीज आहे हे मला पहिल्या महिन्याअखेर कळलं. मी दोन-दोन दिवस करून चांगले आठ दिवस जेवायला गेले नव्हते, म्हणून काकूंकडे पैसे कापून मागितले. काकू म्हणाल्या, “सलग चार दिवस, आणि आदल्या दिवशी सांगून. पाटीवर लिहिलंय.” खरंच लिहिलं होतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद, हेही त्याच पाटीवर होतं. म्हणजे महिन्यातून चार जेवणं बाहेर, वेगळ्या खिशातून.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एका कागदावर बारा रकाने आखायला लावते, जून ते मे. मोबाइलवर नाही, कागदावर. मोबाइलवर माणूस स्वतःलाच फसवतो. भाडं मे महिन्यातही लिहायचं, कारण सुट्टीत गावी गेलात तरी मालक कॉट फुकट राखून ठेवत नाही. दिवाळीच्या रकान्यात ट्रॅव्हल्सचं वाढीव तिकीट. परीक्षेच्या महिन्यांत झेरॉक्स.

आणि शिष्यवृत्तीचे पैसे ऑगस्टच्या रकान्यात लिहू नका! महाडीबीटीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज ऑगस्टमध्ये भरला म्हणून पैसे ऑगस्टमध्ये येत नसतात. ते येतील असं धरून खोली घेणाऱ्यांना मी उसने दिलेत, म्हणून सांगते.

मुलींच्या पालकांत २०२४ पासून नवा गैरसमज आहे: “आता सगळं मोफत.” आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं, हे खरं आणि मोठं आहे. पण खोली, मेस, बस त्यात नाही. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्या लोक शोधतच नाहीत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृहं चालवते. तिथं शिस्त कडक असते, म्हणून पोरं नाक मुरडतात. मुरडू द्या. विद्यापीठात कमवा व शिका आहे. ही चौकशी मे-जूनमध्ये करायची असते. सप्टेंबरमध्ये फोन करून “ताई, काही आहे का” विचारलं की माझं डोकं फिरतं.

एजंट, नावाला ‘ओळखीचे सर’

“फॉर्म वगैरे काही नको, थेट सीट करून देतो.” हे वाक्य ऐकलं की उठून या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शुल्कमाफीच्या सरकारी योजना लागू होत नाहीत. त्यासाठी कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, यावं लागतं. एका मुलीच्या बाबतीत हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. कॅपच्या तिसऱ्या फेरीपर्यंत थांबली असती तर तिला तेच कॉलेज मिळालं असतं. आठ दिवसांची घाई, चार वर्षांची पूर्ण फी. घाई करणाऱ्यांबद्दल मला आता दयाही येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

वसतिगृह मिळेलच असं धरू नका. यादी उशिरा लागते, जागा थोड्या. तोवर मित्राच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून राहणं सगळेच करतात, पण तपासणी झाली की मित्राचीही खोली जाते.

दर शनिवारी गावी पळू नका. पहिले सहा शनिवार जड जातात, सातवा जात नाही.

गाववाल्यांच्याच खोलीत, गाववाल्यांच्याच मेसमध्ये तीन वर्षं काढून “पुण्यात एक्स्पोजर मिळतं” म्हणू नका.

मुंबईत राहायची जागा लोकलच्या दिशेवरून ठरवा, भाड्यावरून नव्हे. सकाळी गर्दीच्या उलट जाणारा प्रवास मिळत असेल तर दोन स्टेशनं लांब चालेल. विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो, त्यामुळे पत्ता आधी पक्का करा, मग फॉर्म.

लहान शहराला हसू नका. नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज १९८१ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. तिथं खोली दहा मिनिटांवर असते आणि झोप पुरी होते.

चूक होऊन गेली असेल तर

पहिल्या फेरीत पहिला पर्याय सोडून दुसरा कुठला मिळाला असेल, तर बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळवायचा, मार्ग उघडा असतो. शेवटची तारीख भिंतीवर लिहा. सीट फ्रीझ झाली असेल तर रडत बसू नका, खोली बदला. कॉलेज बदलणं अवघड, खोली बदलणं सोपं, आणि माझ्या अनुभवात निम्मी तक्रार खोलीची असते. डिपॉझिट बुडेल. बुडू द्या.

कॉलेज शहराबाहेर आणि खोलीही तिथेच असेल, तर आठवड्यातला एक दिवस ठरवून शहराला द्या. मी पुतण्याला गुरुवार दिला होता. पहिल्या गुरुवारी तो पर्वती चढून परत गेला, दुसऱ्या गुरुवारी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात नुसता जाऊन बसला. तिसऱ्या वर्षी तिथंच इंटर्नशिप केली. कराडला असता तर हे जमलं नसतं, एवढं मी भावाला ऐकवून घेतलं.

काल परवा अहमदपूरहून एका बाईंचा फोन होता. मुलीला पुण्यात टाकायचंय, कॉलेज ठरलंय, रविवारी बघायला येतो म्हणाल्या. मी पिनकोड विचारला. कागद शोधायला त्यांना दोन मिनिटं लागली.

“चारशे बारानं सुरू होतो.”

“मग सोमवारी या,” मी म्हटलं, “आणि साडेसातला स्वारगेटला उभ्या राहा. मी येते.”