कमरेचं ऑपरेशन झालंय? मग या चुका टाळा

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने मला हाताला धरून उभं केलं आणि वॉर्डाच्या दारापर्यंत चालवलं. दोन महिने डाव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत जी कळ जायची, ती गायब होती. मी तिथेच रडायला लागले. घरी आल्यावर आठवडाभर सगळं शहाण्यासारखं केलं. एकोणिसाव्या दिवशी आंघोळ करताना साबण हातातून निसटून बादलीमागे गेला. मी स्टुलावर बसल्या बसल्या वाकले, जरा वळले आणि हात लांब केला. कमरेत अशी चमक निघाली की तसंच अवघडून बसून सासूबाईंना हाक मारावी लागली. नशिबाने स्नायूच धरला होता, दोन मणक्यांमधली गादी पुन्हा सरकली नव्हती. पण ते कळेपर्यंत दोन रात्री झोप नाही.

तो साबण उचलण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

दुखत नाही म्हणजे भरून आलं, असं समजणं

गादी सरकल्यावर होणाऱ्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे मायक्रोडिस्केक्टॉमीत, बाहेर येऊन नसेवर दाबणारा तुकडा काढतात. नस मोकळी झाली की पायाची कळ थांबते, कधी त्याच दिवशी. पण गादीच्या कडेला ज्या भेगेतून तो तुकडा बाहेर आला, ती भेग तिथेच असते. तिला धरायला आठवडे, महिने लागतात. त्याच जागी गादी पुन्हा सरकण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच ते पंधरा असं सांगितलं जातं, आणि सुरुवातीचे महिने जास्त नाजूक. नेमकं तेव्हाच आपल्याला ‘आता मी ठणठणीत’ वाटत असतं.

म्हणून डॉक्टर तीन गोष्टींना बंदी घालतात: कमरेतून वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळणं. तिन्ही एकत्र झालं की सगळ्यात वाईट. आपल्या घरांत ते रोज होतं. जमिनीवरची भरलेली बादली उचलून वळायचं, ओले कपडे वाकून घ्यायचे आणि वळून दोरीवर टाकायचे, ओट्याखालून कुकर काढायचा. पाण्याचं गणित सोपं आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची बादली पंधरा किलोची. भरलेला गॅस सिलिंडर तर तीस किलोच्या आसपास. पहिले काही आठवडे पाण्याची दोन लिटरची बाटली ही बहुतेकांची मर्यादा असते. तुमची किती ते तुमच्या सर्जनला विचारा, कारण नुसता तुकडा काढणं वेगळं आणि स्क्रू घालून मणके जोडणं वेगळं.

‘जपून राहा’ हे सांगून कुणी जपत नाही, वस्तूंची जागा बदलावी लागते. बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा, साबण दोरीला बांधून नळाला अडकवा (हसू नका, माझा अजून आहे). रोजची भांडी कमरेच्या उंचीवर आणा. चपला बिनपट्ट्याच्या घ्या. आणि कुणाच्याही पाया पडू नका. वडीलधारी मंडळी उभ्या नमस्काराने रागावत नाहीत, मी पाहिलंय.

झटक्यात उठणं

पाठीवर झोपलेलं असताना पोटावर जोर देऊन सरळ उठायचं नाही. आधी दोन्ही गुडघे वाकवा. मग खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळवून कुशीवर या, ओंडका लोळवावा तसं. पाय कॉटखाली सोडा, त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या तळहाताने गादीवर रेटा द्या. पायांचं वजन खाली जातं तसं धड वर येतं. बसल्यावर मिनिटभर थांबा, चक्कर येते. झोपताना हेच उलट्या क्रमाने. पहिले चार दिवस हे नाटक वाटतं, पुढे अंगवळणी पडतं.

जमिनीवर अंथरूण घालू नका. ‘कमरेला कडक जमीनच चांगली’ हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, पण जमिनीवरून उठताना जे वाकावं लागतं त्याचं काय? फार मऊ नसलेली साधी गादी आणि गुडघ्याइतक्या उंचीची कॉट पुरते. पाठीवर झोपलात तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमध्ये.

भेटायला येणाऱ्यांसाठी बसून राहणं

हे दुखणं मणक्याचं नाही, संस्कारांचं आहे. माणसं येतात, चहा होतो, त्यांच्या मामेभावाच्या फसलेल्या ऑपरेशनची गोष्ट सुरू होते आणि तुम्ही सोफ्यात रुतून तासभर बसलेले असता. सुरुवातीला एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. खुर्ची ताठ पाठीची, हातांची हवी. वेळ झाली की सरळ उठा आणि खोलीत फेऱ्या मारा, पाहुणे समजून घेतात. नाही घेतलं तर लवकर जातात.

पण याचा अर्थ दिवसभर पडून राहायचं असाही नाही. चालणं हाच पहिला व्यायाम. पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, सपाट जागेवर, मग हळूहळू वाढवत. संध्याकाळी कंबर ठणकली तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी. मोबाइलवर बघून सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, हलासन मात्र नको. या सगळ्यांत पुढे वाकावं लागतं. फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढंच.

पोट साफ न होणं अंगावर काढणं

याबद्दल कुणी बोलत नाही. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी बऱ्याचदा बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथलं की कमरेवर ताण. डिस्चार्ज घेतानाच यावर औषध मागून घ्या. भरपूर पाणी, पपई, रात्री इसबगोल. देशी संडास असेल तर काही आठवड्यांपुरती कमोडची खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. उकिडवं बसून उठणं हे त्या दिवसांत परवडत नाही. शेतावर जाणाऱ्यांनी खुरपणीचंही हेच समजायचं.

टाक्यांवर घरगुती उपाय

हळद, तेल, कुठलंही मलम नाही. टाके किंवा स्टेपल साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर जखम कोरडी. मालिशवाल्याला बोलावू नका, हाडवैद्याला तर नाहीच. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, नाहीतर जखम चिघळते.

कमरेचा पट्टा सांगितला असेल तर सांगितलाय तेवढेच दिवस. आधाराची सवय झालेले पाठीचे स्नायू आळशी होतात.

मणके जोडले असतील तर तंबाखू पूर्ण बंद. सिगारेट नाही, गुटखा नाही आणि मिश्रीही नाही. बायका मिश्रीला व्यसनात मोजत नाहीत, डॉक्टरांना सांगतही नाहीत, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. निकोटिनमुळे हाडाला रक्त कमी मिळतं आणि जोड धरत नाही. त्या जोडाला सहा महिने ते वर्ष लागतं.

पाय अजून बधिर आहे, ऑपरेशन फसलं का?

बहुधा नाही. साधारणपणे आधी कळ जाते, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी. दबून दुखावलेली नस दिवसाला मिलिमीटरच्या हिशोबाने भरते. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर बघा म्हणजे अंदाज येईल. माझा अंगठा आठ महिन्यांनी जागा झाला. अधूनमधून मुंग्या, थोडी कळ येते-जाते.

थांबायचं नाही अशा गोष्टी वेगळ्या आहेत. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, पाय लुळा पडायला लागला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी इमर्जन्सीत जा. छातीत दुखलं, धाप लागली तरीही. एकच पोटरी सुजून दुखत असेल, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप असेल, जखम लाल होऊन पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखमेतून पाण्यासारखा स्राव येतो आणि उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं, आडवं झालं की थांबतं, हेही लगेच कळवा. मज्जारज्जूभोवतालचं पाणी गळत असू शकतं.

दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे तो माझ्या फोनमध्ये होता, आणि फोन त्या दिवशी वरच्या मजल्यावर.