डोंगराच्या नावाचे मूळ कसे शोधावे

साताऱ्याभोवतीच्या एखाद्या डोंगराच्या नावाचे मूळ शोधायचे असेल, तर नकाशा बाजूला ठेवून आधी पायथ्याच्या गावातील जाणत्या गुराख्यांना गाठावे आणि ते जसे उच्चारतात तसेच नाव टिपून घ्यावे. आयर्लंडमध्ये 1830च्या दशकात जॉन ओडोनोव्हन यांनी सरकारी मोजणीसाठी असेच गावोगाव फिरून उच्चार जमवले. तिथल्या इंग्रजी नकाशांवरील 'स्लीव्ह' हे मूळचे 'स्लिअव्ह', म्हणजे पर्वत, आणि 'नॉक' हे 'कनॉक', म्हणजे टेकडी. मेयो परगण्यातील 764 मीटर उंचीच्या क्रो पॅट्रिकच्या नावातील 'क्रूअख' म्हणजे गंजी. आपल्याकडच्या कडब्याच्या गंजीसारखा त्याचा निमुळता आकार पाहिला की नाव पटते.

त्यानंतर नावाची फोड करावी. गड, गिरी, ईश्वर हे उत्तरपद वेगळे काढल्यावर जे उरते, तेच तपासण्याजोगे असते.

आपल्याकडे खरी अडचण नामांतरांची आहे. 1700मध्ये साताऱ्याचा किल्ला जिंकून औरंगजेबाने त्याचे नाव आझमतारा ठेवले, पुढे ताराबाईंच्या काळात तो अजिंक्यतारा झाला. सज्जनगड पूर्वी परळीचा किल्ला होता, तर प्रतापगड भोरप्या डोंगरावर उभा आहे. म्हणून किल्ल्याचे आणि डोंगराचे नाव स्वतंत्र नोंदवून प्रत्येकापुढे काळ लिहावा, आणि 1885चे सातारा गॅझेटियर व मोडी कागदपत्रे यांच्याशी ते ताडून पाहावे. सात तटांवरून सातारा ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली, तरी तिच्यापुढे 'लोकसमजूत' असा शेरा मारलेला बरा.